जुना झाला तरी स्वस्त होईना

ऑगस्ट २०२५मध्ये सोनीने अमेरिकेत प्लेस्टेशन ५ची किंमत ५० डॉलरने वाढवली. यंत्र जवळपास पाच वर्षं जुनं. नोव्हेंबर २०२०मध्ये आलं तेव्हा डिस्कवालं मॉडेल ४९९ डॉलरला होतं, ते ५४९ झालं. याच वयाचं असताना, म्हणजे २००५ सालच्या ऑक्टोबरात, प्लेस्टेशन २ अमेरिकेत १४९ डॉलरला मिळत होतं. ते आलं होतं २९९ला, म्हणजे पाच वर्षांत निम्म्यावर. एकाच कंपनीची ही दोन यंत्रं. एक म्हातारं होत होत सर्वांच्या आवाक्यात आलं, दुसरं म्हातारं होता होता महाग झालं.

कन्सोलची किंमत आणि कन्सोलचं आयुष्य, या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. किंमत अर्थवाल्यांनी सांगायची, आयुष्य खेळणाऱ्यांनी. माझ्या मते ती एकच गोष्ट आहे. कन्सोल जसा जुना होई तसा तो उतरत असे, उतरला की नवं गिऱ्हाईक मिळे आणि त्या गिऱ्हाइकावर तो आणखी चार वर्षं काढी. त्या उताराच्या अगदी शेवटच्या पायरीवर जे लोक उभे असत, त्यांत भारतातला मध्यमवर्ग होता. न्यूयॉर्क-टोकियोत पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्यांचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. शेवटच्या पायरीवरच्या लोकांचा फारसा नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कन्सोल पूर्वी स्वस्त होते, हे खरं नाही. अटारीचा व्हीसीएस, जो पुढे २६०० म्हणून ओळखला गेला, सप्टेंबर १९७७मध्ये १९९ डॉलरच्या आसपास विकायला आला. महागाई धरली तर आजचे हजार डॉलर. प्लेस्टेशन २चे २९९ डॉलर आजच्या पैशांत साडेपाचशेच्या घरात जातात, म्हणजे प्लेस्टेशन ५च्या वाढीव किमतीच्या जवळपास तेवढेच. तेव्हा पहिल्या दिवसाच्या किमतीवरून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. फरक पडलाय तो दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षीच्या किमतीत. अटारीने १९८६मध्ये २६००चं छोटं रूप पन्नास डॉलरच्या आत आणलं आणि तशी जाहिरातही केली. तेव्हा ते यंत्र नऊ वर्षांचं होतं, तांत्रिकदृष्ट्या केव्हाच मागे पडलं होतं आणि तरी विकलं जात होतं. १९९२च्या सुरुवातीला ते अधिकृतपणे बंद झालं.

जपानमध्ये निंटेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ला आला, किंमत १४,८०० येन. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांना तो दहा हजार येनच्या आत हवा होता. अभियंते मासायुकी उएमुरा यांनी बरीच काटछाट केली, तरी तेवढं साधलं नाही. चिप स्वस्तात मिळावी म्हणून निंटेंडोने रिको कंपनीला तीस लाख नगांची हमी दिली. त्या काळी हा आकडा ऐकून जपानी व्यापारी हसले असणार. पण यामाउचींचं गणित यंत्रावर नव्हतंच. यंत्र कमीत कमी नफ्यात घराघरांत पोचवायचं आणि कमाई काढायची गेमवर. दुसऱ्या कंपन्यांनी गेम बनवले तर त्यांच्याकडून परवान्याचे पैसे घ्यायचे आणि कार्ट्रिजही आपल्याकडूनच बनवून घ्यायला लावायची. हे गणित इतकं पक्कं बसलं की पुढची चाळीस वर्षं सगळा धंदा त्यावरच उभा राहिला.

फॅमिकॉम जपानमध्ये सप्टेंबर २००३पर्यंत बनत होता. वीस वर्षं. पण त्याचं खरं दीर्घायुष्य जपानबाहेरचं आहे, आणि ते निंटेंडोच्या वहीत कुठेही नोंदलेलं नाही. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या चिपच्या नकला केल्या, पुढे तर अख्खा फॅमिकॉम एकाच चिपमध्ये कोंबला. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात ज्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ किंवा ‘टीव्ही गेम’ म्हणत, तो हाच. ‘मीडिया’ कंपनीचा ‘लिटल मास्टर’ होता, ‘टर्मिनेटर’ नावाने मिळणारे चिनी डबे होते, आणि ज्यांवर कुठलंच नाव धड वाचता येत नसे असेही होते. कार्ट्रिजला सगळे कॅसेट म्हणत. कॅसेटवर लिहिलेलं असे की आत शेकडो गेम आहेत. निघत त्यातले दहा-पंधराच, बाकी त्याच खेळांची नावं बदललेली. ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ ज्या कॅसेटमध्ये आहे ती चाळीत या दाराहून त्या दाराला फिरे. सुट्टीत तासावर भाड्याने खेळू देणारी दुकानं गावोगाव होती. खेळणाऱ्या बहुतेकांना हे यंत्र मुळात कुणाचं आहे हे ठाऊकही नव्हतं.

अधिकृत माल नव्हता असं नाही. ‘सामुराई’ या नावाने निंटेंडोची यंत्रं भारतात विकली जात होती. सेगाने १९९५मध्ये शॉ वॉलेसशी करार केला. होय, तीच शॉ वॉलेस, जिचं नाव आपल्याकडे दारूच्या बाटलीवर वाचायची सवय होती. तयार कन्सोलवरचं ८० टक्के आयातशुल्क चुकवण्यासाठी हा मार्ग काढला होता, आणि तरीही सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलची किंमत १८,००० रुपये ठेवावी लागली. १९९५चे अठरा हजार. मेगा ड्राइव्ह तोवर जपानमध्ये सात वर्षांचा झाला होता आणि सेगा स्वतः पुढच्या यंत्राकडे वळली होती. म्हातारं यंत्र, भाव मात्र नव्या नवरीचा. ते चालणार कसं? गिऱ्हाईक हजार-दीड हजारांच्या चिनी डब्याकडे गेलं. अधिकृत किमतीचा उतार जिथे करांमुळे अडतो, तिथे नकली माल तो उतार स्वतः तयार करतो. ब्राझीलमध्येही असंच झालं, फक्त तिथे टेकटॉय नावाच्या कंपनीने सेगाकडून परवाना घेऊन देशातच यंत्रं जुळवली आणि सेगाचं मास्टर सिस्टम जग विसरून गेल्यावरही कैक वर्षं विकलं. आपल्याकडे असा टेकटॉय झाला नाही. का झाला नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता १९९३ ते ९५ या काळाकडे यायला हवं, कारण किमतीची खरी लढाई तिथे झाली. ऑक्टोबर १९९३मध्ये अमेरिकेत थ्रीडीओ नावाचा कन्सोल आला, ६९९ डॉलरला. त्याचे जनक ट्रिप हॉकिन्स यांची कल्पना अशी की आपण फक्त आराखडा द्यायचा, यंत्र पॅनासोनिकसारख्या कंपन्यांनी बनवायचं. गेम बनवणाऱ्यांकडून दर डिस्कमागे अवघे तीन डॉलर घ्यायचे. गेमवाल्यांना हे फार आवडलं. पण पॅनासोनिकला गेमच्या कमाईतून काही मिळणार नव्हतं, मग तिने यंत्रात खोट का खावी? तिने यंत्रावरच नफा लावला आणि किंमत सातशेला भिडली. यामाउचींचं गणित उलटं फिरवलं की काय होतं, हे थ्रीडीओने दोन वर्षांत दाखवून दिलं.

दुसरा प्रसंग मे १९९५चा, लॉस एंजेलिसमधला व्हिडिओ गेमचा पहिला ई-थ्री मेळा. सेगाचे टॉम कालिन्स्की व्यासपीठावर आले आणि सेगाचा नवा कन्सोल सॅटर्न सप्टेंबरऐवजी आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर, असं त्यांनी जाहीर केलं. सभागृह चकित झालं. त्यानंतर सोनीच्या सत्रात स्टीव्ह रेस माइकपाशी आले, प्लेस्टेशनच्या किमतीचा एकच आकडा उच्चारला, दोनशे नव्व्याण्णव, आणि खाली उतरले. त्या शंभर डॉलरच्या फरकाने सॅटर्नचं अमेरिकेतलं आयुष्य तिथेच तोकडं केलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि बऱ्याच सुट्या चिप होत्या. पुढे किंमत उतरवायची म्हटली तरी त्या एकत्र करणं जड होतं. प्लेस्टेशनचा आराखडा मुळातच सुटसुटीत होता. सोनीकडे चिपचे स्वतःचे कारखाने होते, आणि ते यंत्र दरवर्षी उतरत गेलं: १९९६मध्ये १९९, मग १४९, मग १२९, १९९९मध्ये ९९ डॉलर. त्याचं उत्पादन २००६मध्ये थांबलं. तोवर दहा कोटींहून जास्त नग विकले गेले होते.

सेगाने पुन्हा एकदा प्रयत्न केला. ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ला अमेरिकेत १९९ डॉलरला आला, किंमत उत्तम, यंत्रही उत्तम. पण खोट सोसायला खिशात पैसा लागतो. जानेवारी २००१च्या अखेरीला सेगाने उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. अमेरिकेतलं आयुष्य दीड वर्षाचंही नाही. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मार्च २००१मध्ये मरण्यापूर्वी सुमारे ७० कोटी डॉलरचे आपले शेअर सेगाला देऊन टाकले, म्हणून कंपनी तरी वाचली. कन्सोलच्या इतिहासात अशी माणुसकीची पानं फार नाहीत.

प्लेस्टेशन २वर मात्र जरा थांबायला हवं, कारण किंमत आणि आयुष्य यांचं नातं त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच यंत्रात दिसत नाही.

ते मार्च २०००मध्ये जपानमध्ये ३९,८०० येनला आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आलं. डीव्हीडीही त्यावर चालत असे, आणि तेव्हा नुसता डीव्हीडी प्लेअरच महाग असल्याने अनेकांनी घरच्यांना त्याच नावाखाली पटवलं. सुरुवातीला त्यात दोन मोठ्या चिप होत्या, एक हिशोब करणारी आणि एक चित्र काढणारी. सिलिकॉनच्या एका चकतीवर जितक्या जास्त चिप बसतील, तितकी एकेक चिप स्वस्त पडते. चिपवरची नक्षी जितकी बारीक, तितक्या त्या जास्त बसतात. सोनीने दर एक-दोन वर्षांनी नक्षी बारीक केली आणि शेवटी दोन्ही चिपची मिळून एक केली. चिप लहान झाली की ती कमी तापते, पंखा लहान लागतो, वीजपुरवठ्याचा भाग लहान होतो, खोका लहान होतो, जहाजाच्या कंटेनरमध्ये जास्त नग मावतात. २००४चं सडपातळ मॉडेल आठवा. एखाद्या जाड पुस्तकाएवढंच होतं ते. २००२मध्ये १९९ डॉलर, २००४मध्ये १४९, २००६मध्ये १२९ आणि एप्रिल २००९मध्ये ९९. उत्पादन बंद झाल्याची बातमी २०१२-१३च्या सांध्यावर आली. एकूण विक्री १६ कोटींच्या घरात, आजवर कुठल्याही कन्सोलला न गाठता आलेली.

भारतात हे यंत्र मुख्यतः त्याच्या उत्तरायुष्यात पसरलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि हाजी अलीच्या हिरा पन्ना बाजारात ते बिलाशिवाय, दुबई किंवा सिंगापूरहून आलेलं मिळे. दुकानदाराचा पहिला प्रश्न असे, ‘चिप मारून देऊ की तसंच?’ चिप बसवली की नकली डिस्क चालत, आणि त्या शे-दीडशे रुपयांत फुटपाथवर रचलेल्या असत. मूळ गेम हजार-दोन हजारांचा. कुणी कुठला पर्याय घेतला हे सांगायची गरज नाही. नंतर सोनीनेही अधिकृत किंमत उतरवत आणली, शेवटी शेवटी ती पाच-सहा हजारांवर आली. चांगल्या मोबाइलपेक्षा स्वस्त. जगात प्लेस्टेशन ३ जुनं होत चाललं होतं, तेव्हा नाशिक-सोलापूरकडच्या कितीतरी घरांत पहिलं प्लेस्टेशन येत होतं, आणि ते २ होतं.

सोनीने या उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाची दखल घेतली, हे तिच्या श्रेयात नोंदवायला हवं. २००९मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ प्लेस्टेशन २वर आला. त्याच सुमारास कबड्डी, विटीदांडूसारखे खेळ असलेला ‘देसी अड्डा’ आला. मुंबईच्या ट्राइन कंपनीने गल्ली क्रिकेटवर ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला. हे गेम फार चांगले होते असं कुणी म्हणणार नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या यंत्रासाठी, जे पाश्चात्त्य बाजारात निवृत्तीला आलं होतं, कुणीतरी खास भारतासाठी नवे गेम बनवत होतं. किंमत उतरल्याशिवाय हे घडलंच नसतं. कटू बाजूही सांगायला हवी: नकली डिस्कवर खेळणाऱ्या या गिऱ्हाइकाकडून सोनीला गेममागचा हिस्सा जवळपास मिळालाच नाही. यामाउचींच्या गणितात हा माणूस तोट्याचा होता. तो पुढे बाजारातून गळाला तेव्हा कुणाच्या ताळेबंदाला धक्का बसला नाही, त्याचं एक कारण हे.

२००६ सालच्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ३ आलं. स्वस्तातलं मॉडेल ४९९ डॉलर, महागातलं ५९९. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून हिशोब मांडला, तर महागातल्या मॉडेलचा नुसता उत्पादनखर्च ८४० डॉलर निघाला. म्हणजे दर नगामागे अडीचशेच्या आसपास खोट, आणि तरी जग म्हणत होतं की हे परवडत नाही. केन कुतारागी, प्लेस्टेशनचे जनक, यांनी त्याआधी असं सुचवलं होतं की लोकांना हे यंत्र घेण्यासाठी थोडे तास जास्त काम करावंसं वाटलं पाहिजे. हे बोलणं त्यांच्या मागे कायमचं लागलं. सोनी सांगत राहिली की हे यंत्र दहा वर्षांचं आहे. एवढी किंमत पटवायची तर आयुष्य लांब सांगणं भागच होतं. गंमत म्हणजे ते खरं ठरलं. जपानमधलं उत्पादन २०१७पर्यंत चाललं. मात्र त्याआधी २००९मध्ये किंमत २९९वर आणावी लागली, तेव्हा कुठे गाडी सुरळीत झाली.

भारतात प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७मध्ये ३९,९९० रुपयांना आलं. तेव्हा सोन्याचा भाव तोळ्याला साडेनऊ हजारांच्या आसपास होता, म्हणजे यंत्राची किंमत चार तोळ्यांहून जास्त. घरात असला प्रस्ताव मांडून पाहा, उत्तर काय मिळेल ते कळेल. जानेवारी २०१४मध्ये प्लेस्टेशन ४ भारतात आलं तेही ३९,९९०लाच, पण तोवर तेवढी किंमत सव्वा-दीड तोळ्यावर आली होती. फेब्रुवारी २०२१मध्ये प्लेस्टेशन ५ ४९,९९०ला आलं, तेव्हा जेमतेम तोळाभर. सोन्याच्या मापाने पाहिलं तर कन्सोल स्वस्तच होत गेला. अर्थात हे माप कन्सोलपेक्षा सोन्याबद्दल जास्त सांगतं. पण पगाराचं माप लावलं तरी फार वेगळं दिसत नाही. पहिल्या दिवशी घेणारा भारतीय आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. प्लेस्टेशन ५ची पहिली आगाऊ नोंदणी भारतात मिनिटांत संपली होती.

मायक्रोसॉफ्टची कथा थोडक्यात सांगतो. पहिला एक्सबॉक्स २००१मध्ये आला आणि चार वर्षांत गुंडाळला गेला. चिपसाठी एनव्हिडियाशी केलेल्या करारात किंमत हवी तशी उतरत नव्हती, वाद लवादापर्यंत गेला. ज्याला चिप स्वतःच्या मनाने लहान करता येत नाही, त्याला किंमतही उतरवता येत नाही आणि यंत्रही जगवता येत नाही. एक्सबॉक्स ३६०च्या वेळी हा धडा कंपनीने नीट गिरवला. ते यंत्र २००५ ते २०१६ बनलं. भारतात ते सप्टेंबर २००६मध्ये, प्लेस्टेशन ३च्या आधीच आलं, अक्षयकुमार आणि युवराज सिंग यांच्या जाहिरातींसह. पण त्याच्या दुखण्याने कंपनीला घायकुतीला आणलं: यंत्र तापून बंद पडे आणि समोर लाल दिवे लागत. जुलै २००७मध्ये हमी तीन वर्षांवर न्यावी लागली, आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. आयुष्य लांबवायचं तर आधी यंत्र टिकलं पाहिजे, ही साधी गोष्ट इतकी महाग पडली.

निंटेंडो या सगळ्यात आपला वेगळा संसार थाटून होती. ती सहसा तोट्यात विकत नाही. हातात धरून खेळायचा थ्रीडीएस २४९ डॉलरला आणून चालेना, तेव्हा ऑगस्ट २०११मध्ये, सहा महिन्यांच्या आत, तिने तो १६९वर आणला आणि अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. पण पुढच्या काळाची चाहूलही निंटेंडोनेच दिली. स्विच मार्च २०१७मध्ये २९९ डॉलरला आला. वारसदार येईपर्यंत तो आठ वर्षं चालला, १५ कोटींहून जास्त विकला गेला, आणि अमेरिकेत त्याची मूळ किंमत एकदाही कमी झाली नाही. गिऱ्हाईक येतच होतं, मग उतरवायचं कशाला? ऑगस्ट २०२५मध्ये, त्याचा वारसदार स्विच २ बाजारात आल्यावर, त्याची किंमत ४० डॉलरने वाढली.

भारतातला शेवटच्या पायरीवरचा माणूस मधल्या काळात कुठे गेला? तो फोनवर गेला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा जवळपास फुकट झाला. २०१८मध्ये पबजी मोबाइल आला. दहा-बारा हजारांचा फोन घरात कामासाठी घ्यावाच लागतो, त्यावर खेळ फुकट. सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली तोवर ही सवय पक्की झाली होती. किंमत उतरण्याची वाट पाहणारा माणूस एका पिढीत नाहीसा झाला. कंपन्यांनाही मग त्याच्यासाठी उतार ठेवायची गरज उरली नाही, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पण जिथे दबाव नाही तिथे किंमत उतरत नाही, यात नवल काय?

तांत्रिक कारण मात्र तर्काचं नाही. चिपवरची नक्षी बारीक होत गेली, पण ती बारीक करण्याचा खर्च इतका वाढला की लहान चिप आता स्वस्त पडेलच असं नाही. प्लेस्टेशन ५ची चिप २०२०मध्ये सात नॅनोमीटरची होती. २०२२मध्ये सोनीने ती सहा नॅनोमीटरवर आणली, चिप लहान झाली, यंत्र हलकं झालं. जुन्या नियमाने किंमत उतरायला हवी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरोप, ब्रिटन, जपान आणि आणखी काही देशांत ती वाढली. भारतात नोव्हेंबर २०२२मध्ये ४९,९९०चे ५४,९९० झाले. जपानमध्ये तर येन घसरत गेला आणि करासह ५४,९७८ येनचं यंत्र सप्टेंबर २०२४मध्ये ७९,९८० येनवर पोचलं. ज्या देशात ते जन्मलं, तिथेच ते परवडेनासं झालं की काय अशी अवस्था आली. सोनीला नोव्हेंबर २०२५मध्ये फक्त जपानी भाषेत चालणारं मॉडेल ५५,००० येनला काढावं लागलं. निंटेंडोने स्विच २साठी जपानी-भाषेपुरतं स्वस्त मॉडेल त्याआधीच आणलं होतं.

मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये दोनदा किंमत वाढवली. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९वरून मे महिन्यात ५९९ आणि ऑक्टोबरात ६४९ डॉलर. २०२२मध्ये एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी सांगितलं होतं की दर यंत्रामागे कंपनीला शंभर ते दोनशे डॉलरची झळ बसते. एके काळी ही झळ म्हणजे पेरणी होती. आता गेम पीसीवरही विकले जातात, फोनवरही, मासिक वर्गणीवरही, तर यंत्र घराघरांत घुसवण्यासाठी खोट का खायची, हा प्रश्न कंपनीच्या हिशोबनिसाला पडणं साहजिक आहे. त्यात अमेरिकेचं आयातशुल्क आलं. आणि २०२५च्या अखेरीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची अशी उचल केली की त्यांचे भाव भडकले. कन्सोलला नेमकी तीच मेमरी भरपूर लागते.

आयुष्याचं काय? ते लांबलं, पण वेगळ्या तऱ्हेने. ‘जीटीए ५’ हा एकच गेम २०१३मध्ये प्लेस्टेशन ३वर, २०१४मध्ये ४वर आणि २०२२मध्ये ५वर आला. एका खेळात तीन पिढ्या. २०२४मध्ये सोनीने दिलेल्या आकड्यांत दर महिन्याला प्लेस्टेशन वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे अजून ४वरच होते, अकरा वर्षांच्या यंत्रावर. हे समाधानाने राहिले की नाइलाजाने, ते आकडे सांगत नाहीत. पूर्वी कॅसेट टिकली की गेम टिकला. आता दुकान कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि ते बंद झालं की यंत्र धडधाकट असूनही अर्धं मेलेलं असतं. निंटेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झालं, एक्सबॉक्स ३६०चं जुलै २०२४मध्ये. प्लेस्टेशन ३चं दुकान बंद करण्याचा निर्णय सोनीने २०२१मध्ये जाहीर केला आणि लोक चिडल्यावर महिनाभरात मागे घेतला. प्लेस्टेशन ५ प्रोला तर डिस्कचा ड्राइव्हही नाही, तो वेगळा विकत घ्यायचा. ६९९ डॉलरचं हे यंत्र नोव्हेंबर २०२४मध्ये आलं तेव्हा भारतात आलंच नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारी सहा गिगाहर्ट्झची लहर वापरायला इथे परवानगी नव्हती. किमतीच्या आधी कायद्यानेच दार लावून घेतलं.

‘जीटीए ६’ची सध्या जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आणि तो प्लेस्टेशन ४साठी निघणार नाही. ४वर बसलेल्या कोट्यवधी लोकांना तोवर काहीतरी ठरवावं लागेल. त्यांच्यापुढे सहा वर्षांचं झालेलं, पहिल्या दिवसापेक्षा महाग असलेलं यंत्र आहे, आणि त्याच्या पुढच्या पिढीबद्दल सोनीने किंमत किंवा तारीख सांगितलेली नाही. दुकानात जाऊन थांबू का विचारलं, तर दिवाळीच्या सेलमध्ये चार-पाच हजार सुटतील तेवढेच, बाकी वाट बघण्यात राम नाही, असं आता विक्रेते बेधडक सांगतात. बिनव्याजी हप्ते करून देतो म्हणतात, आणि जुना प्लेस्टेशन ४ बदल्यात घ्यायलाही तयार असतात.